बर्लिनला चाललात? स्केट्स बरोबर घ्या

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बर्लिनला जायचं ठरलं, तेव्हा घरात सामानाची यादी झाली. थर्मल, मेतकूट, चार्जर, औषधं. स्केट्स यादीत नव्हते. "कामाला चाललायस की खेळायला?" आईनं विचारलं. मी काही बोललो नाही, पण तेवीस किलोंतले चार किलो स्केट्ससाठी राखून ठेवले. त्यानंतर आणखी दोनदा बर्लिनला जाणं झालं आणि प्रत्येक वेळी तिथल्या स्पीड स्केटर्सबरोबर सराव करता आला. पहिल्या खेपेला बऱ्याच गोष्टी चुकल्या. त्या तुमच्या चुकू नयेत, म्हणून क्रमानं सांगतो.

हा लेख नवशिक्यांसाठी नाही. सलग अर्धा तास इनलाइनवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर, चालवता येत असेल, वळणावर क्रॉसओव्हर, म्हणजे एका पायावरून दुसरा पाय टाकत वळणं, जमत असेल आणि ब्रेक नसलेल्या स्केट्सवर थांबता येत असेल, तर पुढे वाचा. तुम्ही राज्य स्पर्धेत धावलेले असाल किंवा माझ्यासारखे मुलीला क्लासला सोडता सोडता चाळिशीत शिकलेले असाल, त्यानं फारसा फरक पडत नाही. परक्या गटात माणूस किती जोरात पळतो हे नंतर बघतात. हा शेजारी असताना मी पडणार तर नाही ना, हे आधी बघतात.

जायचं कधी

बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या स्केटिंगचा हंगाम ढोबळमानानं एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनअखेर तिथे रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. ऑफिस सुटल्यावर जेवून, थोडं लोळून निघालात तरी दोन तास सराव होतो. सप्टेंबरअखेर मात्र सातच्या आतच अंधारून येतं. नोव्हेंबरात चार वाजता दिवे लागतात. तेव्हा यातले बरेच जण बर्फावरच्या स्केटिंगकडे वळतात किंवा हॉलमध्ये व्यायाम करतात. हिवाळ्यात जाणार असाल तर स्केट्सचं ओझं नेऊ नका, व्यायामाचे बूट पुरेत.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं एक वेगळं आकर्षण आहे. बर्लिन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच ४२.१९५ किलोमीटरवर इनलाइन स्केटर्सची शर्यत होते. पुढचे लोक ती साधारण तासाभरात संपवतात. बेल्जियमच्या बार्ट स्विंग्सनं ती अनेकदा जिंकली आहे. हाच तो गडी, ज्यानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावर मास स्टार्टचं, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीचं, सुवर्ण घेतलं. पण सरावात सामील व्हायचं असेल तर नेमका हा आठवडा टाळा. सगळ्यांचं लक्ष शर्यतीकडे असतं, पाय हलके ठेवायचे असतात, त्यात पाहुण्याला सांभाळायला कोणाला सवड नसते. मे, जून किंवा ऑगस्ट उत्तम.

आधी स्वतःचं मोजमाप

ही पायरी आपल्याकडचे लोक हमखास चुकवतात. "तुझा वेग किती?" असं विचारलं की आपण रिंकवरचा सर्वांत चांगला लॅप सांगतो. दोनशे मीटरचा लॅप चोवीस सेकंदांत म्हणजे ताशी ३० किलोमीटर, हे गणित बरोबर आहे. पण तो एक लॅप असतो, दम रोखून काढलेला. बर्लिनमध्ये संध्याकाळचा गट पंचवीस-तीस किलोमीटर सलग काढतो, वाऱ्यात, एकामागे एक. तिथे रिंकवरचा आकडा कामाचा नाही.

म्हणून जाण्याआधी दोन-तीन आठवडे पहाटे एखादा मोकळा, गुळगुळीत रस्ता शोधा आणि एकट्यानं दहा किलोमीटर करा. घड्याळ लावा. चोवीस मिनिटं लागली तर तुमचा वेग ताशी २५. वीस मिनिटं लागली तर ३०. हाच आकडा सांगायचा, आणि शंका असेल तर एक-दोननं कमी करून सांगायचा. हळू गटात जाऊन वर सरकणं सोपं असतं. वेगवान गटात जाऊन तिसऱ्या किलोमीटरला सुटणं फार लाजिरवाणं. मी ते केलेलं आहे. एकटाच, ऊन उतरलेलं, आणि पुढे रांग ठिपक्याएवढी झालेली.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट तपासा : दोन्ही हात पाठीमागे बांधून पाच मिनिटं सरळ रेषेत जाता येतं का? रस्त्यावरच्या पट्टीवरून चालवून बघा. डावीकडे-उजवीकडे हातभर भटकत असाल तर बर्लिनपेक्षा त्यावर आधी काम करा.

गट शोधायचा कसा

इंग्रजीत शोधलंत तर पर्यटकांसाठीच्या गोष्टी वर येतात. जर्मन शब्द वापरा : 'श्पीडस्केटिंग', 'इनलाइन' आणि 'फेराइन', बरोबर शहराचं नाव. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. देशपातळीवरची संघटना 'डॉयचर रोलश्पोर्ट उंड इनलाइन फेरबांड', तिच्या खाली राज्यांच्या संघटना. राज्य संघटनेकडून मंडळांचे पत्ते मिळतात. शहरातल्या स्केटच्या दुकानात विचारणं हाही चांगला मार्ग, कारण बेअरिंग बदलायला आलेले स्केटर्स तिथेच भेटतात.

शोधताना तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, शहरातून निघणारी रात्रीची किंवा रविवारची सामूहिक फेरी : रस्ते बंद, संगीत, हजारो लोक, वेग बेताचा. मजा येते, पण तो सराव नव्हे. दोन, फिटनेस गट : ब्रेक असलेले स्केट्स, गप्पा, मध्ये थांबणं. तीन, स्पीड स्केटिंगचा सराव : घोट्याच्या खालीच संपणारे कातडी बूट, मोठी चाकं, ठरलेला कार्यक्रम. तुम्हाला तिसरं हवंय. त्यातही लहान मुलांचा तास आणि प्रौढांचा तास वेगळे असतात, हे वेळापत्रकात नीट बघा. मी एकदा आठ वर्षांच्या पोरांच्या तासाला हजर झालो होतो. तिथल्या ताईंनी मात्र न हसता बाकावर बसवलं आणि पाऊण तासानं मोठी माणसं आली.

मंडळ जिवंत आहे का, हेही बघावं. या किंवा गेल्या हंगामातले शर्यतींचे निकाल दिसत असतील तर मंडळ चालू आहे.

आता या फेराइनचा स्वभाव समजून घ्या, कारण आपल्याकडच्या क्लासशी त्याचं काही नातं नाही. आपल्याकडे सर असतात, महिन्याची फी असते, सरांच्या नावावर क्लास चालतो. तिकडे वार्षिक वर्गणी भरणारे सभासद मिळून मंडळ चालवतात. शिकवणारा माणूस दिवसभर बँकेत किंवा दवाखान्यात नोकरी करून संध्याकाळी येतो. त्यामुळे तुमच्या पत्राला उत्तर यायला आठवडा लागू शकतो. तो उद्धटपणा नव्हे. निदान चार आठवडे आधी लिहा. आणि "किती पैसे द्यायचे?" असा पहिलाच प्रश्न विचारू नका. नव्या माणसानं एक-दोनदा येऊन बघण्याला तिथे 'प्रोबेट्रेनिंग' म्हणतात आणि बहुतेक मंडळांत त्याची पद्धत असते. पाहुण्यानं हाच शब्द वापरला की पुढचं सगळं सोपं होतं.

पत्रात काय लिहावं

सोप्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, सुरुवात 'हालो' नं करा. लांबण लावू नका, पदकांची यादी देऊ नका. आशय असा :

"मी पुण्याचा. अमुक तारखेपासून तीन आठवडे बर्लिनला कामासाठी येतोय. चार वर्षं इनलाइन करतो. सध्या एकट्यानं दहा किलोमीटरला साधारण तेवीस मिनिटं लागतात. ११० मिलिमीटरची चार चाकं वापरतो. रांगेत चालवायची सवय थोडी आहे, फार नाही. हेल्मेट आणि विमा माझा स्वतःचा आहे. मंगळवारच्या तासाला प्रोबेट्रेनिंगसाठी आलो तर चालेल का, आणि कोणत्या गटात यावं?"

यातली "थोडी आहे, फार नाही" ही ओळ सर्वांत कामाची. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला आपल्या मर्यादा ठाऊक आहेत. शेवटचा प्रश्नही मुद्दाम एकच ठेवलाय. पाच प्रश्न विचारले तर दमलेला स्वयंसेवक उत्तर उद्यावर ढकलतो.

"हो, ये" असं उत्तर आलं की जायचंच. जाणं रद्द झालं तर आदल्या दिवशी कळवायचं. तिकडे न कळवता न येणं फार मनावर घेतात.

विमा

शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. पण पॉलिसीत खेळांबद्दलचं कलम उघडून वाचा. काही पॉलिसींतून स्पर्धा आणि स्पर्धेचा सराव वगळलेला असतो. विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. दुसरी गोष्ट आपल्या ध्यानीमनीही नसते : तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर? जर्मनीत लोक यासाठी 'हाफ्टफ्लिख्ट' नावाचा वेगळा विमा घेतात, आणि सायकलवाल्याला धक्का लागला की पहिली विचारणा त्याचीच होते. प्रवास विम्यात व्यक्तिगत दायित्वाचं कलम आहे का, ते बघून घ्या. अपघातात मदतीचा क्रमांक ११२.

सामान

बूट केबिनच्या बॅगेत न्या. स्पीडचे बूट पायाला बसायला महिने लागतात. बॅग हरवली तर चाकं आणि ती बसवायची फ्रेम विकत मिळतील, बसलेले बूट मिळणार नाहीत. फ्रेम काढून चेक-इन सामानात ठेवा. काढण्याआधी बूट आणि फ्रेमवर मार्करनं खुणा करा, नाहीतर तिकडे पुन्हा जोडताना फ्रेम दोन मिलिमीटर आत-बाहेर होते आणि डावा पाय दिवसभर आतल्या कडेवर पडत राहतो. हॉटेलच्या खोलीत रात्री अकरा वाजता हे दुरुस्त करत बसण्यात काही गंमत नाही.

ॲलन की चेक-इनमध्येच. चाकांच्या धुऱ्यांसाठी बहुधा ४ मिलिमीटरची लागते. फ्रेमच्या बोल्टची वेगळी असली तर तीही घ्या. एक जास्तीची धुरी आणि फ्रेमचा एक जास्तीचा बोल्ट छोट्या डबीत टाका. चार चाकांच्या स्केट्सच्या जोडीत सोळा बेअरिंग्ज असतात, त्यातलं एखादं नेमकं परदेशात कुरकुरतं, म्हणून दोन जास्तीची.

चाकांचा विचार थोडा करावा लागतो. आपल्याकडे रिंक बहुधा सिमेंटचं आणि गुळगुळीत, म्हणून लोक कडक चाकं वापरतात. बर्लिनमध्ये सराव डांबरावर. खरखरीत डांबरावर कडक चाक पायाला झिणझिण्या आणतं आणि दहा किलोमीटरनंतर पोटऱ्या बधिर होतात. कडकपणा ८५ए च्या आसपास असलेली, बाहेरच्या रस्त्यासाठीची चाकं घ्या. १२५ मिलिमीटरची तीन चाकं की ११०ची चार, हा वाद तिकडेही चालतो. परक्या ठिकाणी ज्यावर तुमचा तोल पक्का, तेच न्या. नवे स्केट्स परदेशात पहिल्यांदा घालायचे नाहीत, नव्या चपला घालून वारीला निघू नये तसं.

हेल्मेट सक्तीचं. सायकलचं चालतं. मनगटाचे गार्ड स्पीड स्केटर्स फारसे घालत नाहीत, पण पहिल्या दिवशी तुम्ही घातलेत तर कोणी हसणार नाही. बोटं झाकणारे पातळ हातमोजे तरी हवेतच. पारदर्शक चष्मा घ्या, संध्याकाळी चिलटं थेट डोळ्यात जातात. खरचटण्यासाठी मोठ्या चिकट पट्ट्या इथूनच न्या.

आणि साधे बूट पाठपिशवीत. बर्लिनच्या कितीतरी गल्ल्यांत अजून दगडी फरसबंदी आहे, त्यावर आठ चाकं घेऊन चालणं म्हणजे शिक्षा.

आधी एकट्यानं जाऊन या

गटाबरोबरच्या पहिल्या तासाआधी एकदा तरी टेंपेलहोफर फेल्डवर जा. हा पूर्वीचा टेंपेलहोफ विमानतळ. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा शहराला कोळसा आणि धान्य पुरवणारी विमानं इथे उतरायची. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, २०१० पासून मैदान सगळ्यांना खुलं आहे. इथे इमारती बांधायचा बेत २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदानानं हाणून पाडला. स्केटर्सच्या दृष्टीनं हे फार बरं झालं. जवळजवळ दोन किलोमीटर लांब धावपट्टी, आणि बाहेरून मोठी फेरी मारली तर साधारण सहा किलोमीटर. ना सिग्नल, ना गाडी. एका विमानाच्या रुंदीएवढा रस्ता माणसाला मोकळा मिळतो तेव्हा पहिली दोन मिनिटं वेडगळ हसू येतं.

पश्चिमेकडून येत असाल तर टेंपेलहोफ स्टेशन, पूर्वेकडून लाइनेश्ट्रासे. मैदान सूर्योदयाला उघडतं, सूर्यास्ताला फाटकं बंद. वेळ फाटकावर लिहिलेली असते, ती पाळा.

तिथे गेल्यावर वारा समजून घ्या. धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि वारा बहुधा पश्चिमेचा. आसपास झाड नाही, भिंत नाही. पश्चिमेकडे जाताना कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटतं. परत येताना तोच वारा पाठीवर घेतो आणि तुम्ही स्वतःला फार मोठे स्केटर समजू लागता. दोन्ही दिशांची सरासरी काढा, मगच स्वतःच्या वेगाबद्दल मत बनवा. डांबरातले सांधे कुठे आहेत, कुठे खडी सुटली आहे, पतंग घेऊन चाकांच्या फळीवर उभे राहणारे लोक कोणत्या भागात असतात, तेही बघून ठेवा. गवताचा मधला भाग वसंतात बंद असतो, तिथे चंडोल घरटी करतात. पडलात तरी त्या बाजूला पडू नका.

शहरातल्या रस्त्यांचा नियम वेगळा. जर्मनीत इनलाइन स्केटर कायद्यानं पादचारी ठरतो. त्यानं फूटपाथवरून जायचं. सायकलमार्गावर किंवा रस्त्यावर जायला मुभा फक्त तिथेच, जिथे स्केटरची खूण असलेली पाटी असते. हॉटेलपासून मैदानापर्यंत स्केट्सवर सुसाट जायचा बेत असेल तर सोडून द्या.

पहिली संध्याकाळ

सहाचा तास असेल तर पावणेसहाला पोचा. सहा म्हणजे स्केट्स बांधून उभं असणं. हस्तांदोलन करा, नाव सांगा. माझं नाव चार अक्षरी आहे, तीन प्रयत्नांनंतर मी त्याचं दोन अक्षरी करून टाकलं. कोचला 'सर' म्हणू नका. तिकडे खेळाच्या मैदानावर सगळे एकमेकांना नावानं आणि 'दू' नं, म्हणजे आपल्या 'तू' नं बोलतात. सत्तरीच्या आजोबांना 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळायची. त्या आजोबांनी मला पहिल्या फेरीत मागे टाकलं, तेव्हा संकोच जरा कमी झाला.

वॉर्म-अप स्केट्स न घालता होतो. उकिडवं बसल्यासारख्या खालच्या स्थितीत एका पायावरून दुसऱ्यावर सरकणं, बाजूला उड्या. याची लाज वाटून घेऊ नका. तुम्ही किती खाली बसता आणि वजन एका पायावर किती टिकवता, हे कोच इथेच बघतो आणि मनातल्या मनात तुमचा गट ठरवतो.

मग रांग. सगळं या रांगेत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुढच्या माणसाच्या मागे हवा कमी लागते. जर्मन लोक त्याला 'विंडशाटन' म्हणतात, शब्दशः 'वाऱ्याची सावली'. या सावलीत राहायचं तर पुढच्याच्या हातभर मागे, आणि त्याच्याच पावलात. त्याचा उजवा पाय बाहेर गेला की तुमचाही उजवाच. पाऊल चुकलं तर तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकात जातं, आणि मग तुमच्या मागचे पाच जण तुमच्या अंगावर. म्हणून नजर त्याच्या चाकांवर ठेवू नका, कमरेवर ठेवा. कंबर आधी हलते, पाय नंतर.

नव्या माणसानं सुरुवातीला शेवटी राहावं, असा शिष्टाचार आहे. पण शेवटी राहणं सोपं नाही. रांग वळणावर आखडते आणि सुटताना ताणली जाते, तो सगळा ताण शेपटीला बसतो. पहिल्या दोन फेऱ्या शेवटी राहून सगळ्यांच्या सवयी बघा. मग कोच बहुधा तुम्हाला मध्ये, एखाद्या स्थिर माणसाच्या मागे घालतो. नाही घातलं तर विचारा.

वेग जास्त झाला, पुढच्याच्या अंगावर जायला लागलात, तर काय करायचं? टी-स्टॉप, म्हणजे मागचा पाय आडवा घासून थांबणं, अजिबात नाही, पाय आडवा टाकलात तर मागचा त्यावर येतो. अंग थोडं उभं करा, छातीला हवा लागली की वेग आपोआप उतरतो. तेवढ्यानं भागत नसेल तर तळहात पुढच्याच्या कमरेखाली हलकेच टेकवा, ढकलू नका. पहिल्यांदा परक्या बाईमाणसाच्या कमरेला हात लावायला मी इतका बिचकलो की त्यापायी जवळजवळ पडलो. तिनं मागे न बघता हात मागे करून माझा हात धरला आणि योग्य जागी ठेवला. तिथे तो फक्त बंपर असतो.

रांगेत आरोळ्या चालतात. पुढचा ओरडतो, मागचे तीच आरोळी पुढे देत जातात. तुम्ही गप्प बसलात तर साखळी तुटते. 'आख्तुंग' म्हणजे सावध. 'लिंक्स' डावीकडे, 'रेख्ट्स' उजवीकडे. 'लांगझाम' हळू. 'श्टॉप' कळतंच. 'लोख' म्हणजे खड्डा. आणि 'पोलर' म्हणजे रस्त्याच्या मधोमध रोवलेला खांब, गाड्या येऊ नयेत म्हणून. शहराबाहेरच्या सायकलमार्गांवर हे खांब असतात, आणि रांगेत मागे असलेल्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. एक आरोळी पाठ करायची असेल तर हीच करा. खड्डा दाखवायला हात खाली करून त्या बाजूला बोट दाखवतात.

आता माझी चूक. तिसऱ्या तासाला मला पुढे जायची पाळी आली. पुढे असणारा काही मिनिटं वारा झेलतो आणि मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो. मी पुढे आलो, अंगात आलं आणि वेग वाढवला. मागे बघितलं तर रांग तीन तुकड्यांत. कोणी रागावलं नाही. शेजारी येऊन एक जण शांतपणे म्हणाला, "तोच वेग. तू दमलास तर कमी वेळ राहा, पण वेग तोच." पुढे जायचं म्हणजे आपण किती जोरात जातो हे दाखवायचं, असं मला वाटत होतं. तिथे पुढच्याचं काम घड्याळाचं असतं. पुढे येताना मनगटावरचा आकडा बघा, तोच ठेवा, थकवा यायच्या आधी बाजूला व्हा. बाजूला होताना आधी हातानं खूण, मग एकाच दिशेला, सावकाश. किती मिनिटं ओढलं याची कोणी नोंद ठेवत नाही.

सुटायला लागलात तर रांगेच्या मध्ये दात-ओठ खात लटकू नका. बाजूला व्हा, हात वर करा, मागच्यांना जाऊ द्या. ते फेरी मारून येतील तेव्हा पुन्हा शेवटी लागा. मैदान गोल आहे, हा त्याचा मोठा फायदा.

पाऊस आला तर सराव थांबतो किंवा स्केट्सशिवाय होतो. ओल्या डांबरावर, विशेषतः रंगवलेल्या पट्ट्यांवर, चाक साबणासारखं सरकतं. "आमच्याकडे पावसातही चालतं" हे वाक्य मनात ठेवा.

तास संपल्यावर

सरावासाठी मांडलेले शंकू गोळा करायला मदत करा. स्केट्स काढून लगेच पळू नका, खरी ओळख तिथे होते. आपल्याकडचं काही तरी न्या. मी भाकरवडी नेली होती. एकानं ती बिअरबरोबर खाल्ली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली.

भारताबद्दल प्रश्न येतात, तयारी ठेवा. पूर्वी "तुमच्याकडे हा खेळ आहे?" असं विचारायचे. आता आनंदकुमार वेलकुमारचं नाव निघतं. चेन्नईच्या या मुलानं २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदाइहे इथे जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण घेतलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेचं कांस्य मिळवलं. पुरुषांच्या संघात आनंदकुमार आणि आर्यनपाल घुमान यांच्याबरोबर विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. ही दोन आडनावं उच्चारताना मला उगाचच ताठ व्हायला होतं.

दोन-तीनदा जाऊन झालं आणि पुढेही यायचं असेल, तर आता पैशांचं विचारा. काही ठिकाणी पाहुण्यांसाठी तासाची रक्कम ठरलेली असते, काही ठिकाणी तात्पुरतं सभासदत्व. सभासद झालात तर मंडळाचा विमा तुम्हाला लागू होतो का, तेही तेव्हाच विचारा.

एक रविवार मोकळा असेल तर

गटातलं कोणीतरी 'फ्लेमिंग-स्केट' चं नाव काढेल. बर्लिनच्या दक्षिणेला, युटरबोगच्या आसपास, शेतं आणि पाइनच्या जंगलांमधून गेलेलं खास स्केटर्ससाठी आणि सायकलींसाठी बांधलेल्या डांबरी वाटांचं जाळं आहे, एकूण सुमारे २३० किलोमीटर. बर्लिनहून लोकल गाडीनं तासाभरात पोचता येतं. वेगवेगळ्या लांबीच्या फेऱ्या आखलेल्या आहेत आणि पाट्या चोख आहेत. पहिल्यांदा छोटीच फेरी घ्या. गावांमध्ये अंतर असतं आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेव्हा दोन बाटल्या पाणी आणि खाणं पाठीवर हवं. इथे चढ-उतार आहेत. स्पीडच्या स्केट्सना ब्रेक नसतो, हे उताराच्या वर उभं राहून आठवण्यापेक्षा आधी आठवलेलं बरं. पुढचं दिसत नसेल असा उतार बाजूच्या गवतातून चालत उतरा, मी दोनदा उतरलोय.

बर्लिनऐवजी दुसरीकडे

हीच पद्धत बहुतेक ठिकाणी चालते, फक्त शब्द आणि जागा बदलतात. नेदरलँड्समध्ये 'स्केलेरन' असा शब्द शोधा. तिथे बर्फावरचे स्केटर्स उन्हाळ्यात चाकांवर येतात, आणि दोन्ही खेळ एकाच राष्ट्रीय संघटनेकडे आहेत. त्यामुळे मंडळाच्या नावात 'बर्फ' असलं तरी बिचकू नका. ॲमस्टरडॅमच्या फोंडेलपार्कातून निघणारी शुक्रवार रात्रीची फेरी ही मात्र पुन्हा सहल, सराव नव्हे. दक्षिण जर्मनीत गाइझिंगेनला २०० मीटरचा, वळणावर उचललेला, छपराखालचा ट्रॅक आहे. अशा ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी बाहेरच्या कडेनं हळू फेऱ्या माराव्यात, वळणातला उतार अंगात मुरला की मगच रांगेत शिरावं. कोलंबियात हा खेळ फार मोठा आहे आणि जागतिक स्पर्धांतली पदकं तेच सर्वांत जास्त नेतात. तिथे बारा वर्षांची पोरं तुम्हाला अख्ख्या फेरीनं मागे टाकतील, मनाची तयारी करून जा.

परत निघायच्या आदल्या रात्री बेअरिंग्ज पुसून ठेवा आणि खुणा बघून फ्रेम काढा. मग दोन ओळींचं आभाराचं पत्र लिहा, आणि पुढच्या वेळी यायची तारीख माहीत असेल तर तीही लिहा. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा प्रोबेट्रेनिंगचा विषयच निघाला नाही. उत्तर एका ओळीचं आलं : मंगळवारी सहाला, भाकरवडी विसरू नकोस.